राखेचं पाणी

बुऱ्हाणपुरात अनोळखी माणसाशी हिंदीत बोलायचं आणि घरच्या माणसाशी मराठीत, हे कुणी कुणाला शिकवत नाही. जिभेला ते आपसूक कळतं. निरंजनच्या जिभेलाही बावन्न वर्षं ते बरोबर कळत आलं होतं. त्या संध्याकाळी विमा कचेरीतून सुटल्यावर तो लालबागेत मोबाइल दुरुस्तीच्या दुकानाशी थांबला, फोन आत दिला आणि बाहेरच्या बाकड्यापाशी आला. बाकड्यावर एक दाढीवाला म्हातारा पिशवी शेजारी ठेवून ऐसपैस बसला होता. निरंजन नीट न बघताच त्याला म्हणाला, "बाबाजी, जरा सरको." म्हातारा सरकला. त्याने पिशवी मांडीवर घेतली, पाय जवळ ओढले, आणि लागते त्याहून जास्तच जागा करून दिली. निरंजन बसला. गुडघ्याला गुडघा लागला. फोन आत असल्यामुळे बघायला हातात काही नव्हतं, म्हणून नजर शेजारी गेली. पिशवीचा बंद धरलेला उजवा अंगठा, आणि त्या अंगठ्याचं नख मुळापासून निळं. गिरणीच्या रंगखात्यात चौतीस वर्षं काढलेल्या माणसाचं नख. निरंजन आपल्या बापाशी हिंदीत बोलला होता. आणि बाप काही न बोलता, एखाद्या परक्या माणसासारखा, सरकून बसला होता.

"नाना," तो म्हणाला. नाना समोर बघत राहिले. "मेथी घेतली," एवढंच म्हणाले. नंतर स्कूटरवर मागे बसून ते घरी आले, तेव्हा त्यांचा हात निरंजनच्या खांद्यावर होता, आणि त्या हाताचं वजन त्याला सबंध रस्ता मोजता आलं असतं. तो स्वतःला समजावत होता की अंधारून आलं होतं, की आपण दमलो होतो, की नऊ महिन्यांच्या दाढीत कुणाचाही बाप हरवेल. पण खरं कारण त्याला स्कूटर लावताना कळलं आणि ते जास्त लागलं. नानांच्या अंगाला त्यांचा वास नव्हता. लहानपणापासून तो बापाला आधी नाकाने ओळखत आला होता. पहाटे मोरीपाशी दाढी चालली की घरभर एक ओलसर, किंचित कडवट, वाळ्याच्या मुळीचा आणि एरंडेलाचा वास पसरायचा, आणि त्या वासाने त्याला जाग यायची. नाना गिरणीतून रंगाच्या वाफेत भिजून येत तेव्हासुद्धा कानामागे तो वास शिल्लक असे. आता बाकड्यावर जे बसलं होतं ते नुसतं शरीर होतं, आणि निरंजनच्या नाकाने त्याला ओळख दिली नव्हती.

तो वास कुठून यायचा, हे त्या घरात कुणी कधी विचारलं नव्हतं. निरंजनची आई मालूबाई दर हिवाळ्यात मागच्या अंगणात चूल मांडून काहीतरी रटरटवत बसायची. घरातली समजूत अशी की ती धुण्याचा साबण करते. तिच्या माहेरी, निंबोल्याला, बायका काय काय करतात, त्यातलंच काहीतरी. मग एका चिनीमातीच्या बरणीत पिवळसर लोण्याएवढा मऊ गोळा भरला जायचा, आणि वर्षभर नानांच्या दाढीच्या वाटीत त्यातलं बोटभर पडत राहायचं. दाढी झाल्यावर लावायला एक हिरवट पाण्याची बाटली असायची. माघात ती गेली. तीन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. दहाव्याला न्हाव्याने नानांचं डोकं आणि मिशी उतरवली ती त्याच्या नेहमीच्या साबणाने, आणि चार दिवसांत नानांचा सगळा चेहरा फोडांनी भरला. रंगखात्यातल्या पहिल्याच वर्षी कसल्याशा वाफेने त्यांची कातडी भाजली होती, तेव्हापासून तिला बाजारचं काही सोसत नसे, हे त्या दिवशी निरंजनला डॉक्टरकडून कळलं. बापाच्या कातडीची माहिती डॉक्टरने मुलाला द्यावी, यासारखी नामुष्की नाही. बरणीच्या तळाला जे होतं ते पंधरा दिवस पुरलं. मग नानांनी आरसा भिंतीकडे तोंड करून ठेवला, आणि दिवाळीत, करंज्या खाता खाता, सहज सांगावं तसं सांगितलं, "हिचं वर्षश्राद्ध झालं का मी ओंकारेश्वराले चाललो. तिथं मठ आहे, बोलून ठेवलं आहे. म्हातारपणी माणसानं नर्मदेच्या काठी राहावं." दाढी तर आधीच झाली होती. उरली होती फक्त झोळी.

त्या रात्री बाकड्याची गोष्ट निरंजनने बायकोला सांगितली. सांगताना तो हसायला बघत होता आणि हसू येत नव्हतं. ज्योत्स्ना बहादरपूरच्या शाळेत पहिली-दुसरीला शिकवते. एकाच मुळाक्षरावर महिना घालवायची तिला सवय आहे. तिने ऐकून घेतलं, सांत्वन वगैरे केलं नाही. थोड्या वेळाने म्हणाली, "अहो, मग आईंचा तो साबण आपण करून बघू ना." "कसा करणार? कृती कुणाला माहीत आहे?" "तुम्ही एवढी वर्षं या घरात राहिलात, तुम्हाला माहीत असायला पाहिजे होती. मी शाळेतून येईपर्यंत तर बरणी भरलेली असायची," ती म्हणाली, आणि कूस बदलून झोपली. निरंजन जागा राहिला. तो डोळ्यांपुढे आईला मागच्या अंगणात बसवून बघत होता. आईची पाठ दिसत होती, पदर खोचलेला दिसत होता, धूर दिसत होता. हात काय करताहेत तेवढं दिसत नव्हतं. त्याने कधी जवळ जाऊन बघितलंच नव्हतं, तर दिसणार कुठून?

माळ्यावर एक मडकं सापडलं, बुडाला भोक पाडलेलं, आणि आत राखेचा करडा थर. ज्योत्स्नाने निंबोल्याला चुडामणमामांना, म्हणजे मालूबाईच्या धाकट्या भावाला, फोन लावला. "ते होय!" मामा फोनवर ओरडूनच बोलतात, "माझी बहीण केळीची राख न्यायची इथून. बाग कापली का वाळलेली खोडं जाळायची अन् राख पोत्यात भरून न्यायची. मी म्हणायचो, बाई, लोक माहेराहून लुगडं नेतात, तू राख नेते! पुढं काय करायची ते काही मला माहीत नाही बा." रविवारी मामांनी अर्धं पोतं राख आणि केळीचं एक ताजं खोड टेम्पोवर पाठवून दिलं, आणि लालबागेतल्या त्या दोन खोल्यांच्या घरात नसता उद्योग सुरू झाला.

निरंजनला पुढचे आठवडे आठवतात ते ज्योत्स्नाच्या पाठमोऱ्या आकृतीसकट. शाळेतून आली की ती हातपाय धुऊन मागच्या ओट्यावर बसायची. मडक्यात फडकं, फडक्यावर राख, राखेवर कढत पाणी. खालच्या पातेल्यात चहाच्या रंगाचं पाणी थेंबथेंब पडत राहायचं. ते बोटांत चोळलं की बुळबुळीत लागे. ती ते खोबरेल आणि एरंडेलात घालून ढवळायची, तास, दीड तास, आणि शेवटी तेल वर आणि पाणी खाली, दोघं एकमेकांना ओळखसुद्धा देत नसत. पहिलं पातेलं फेकलं. दुसरं फेकलं. तिसरं फेकताना ती स्वतःशीच म्हणाली, "पहिलीतली पोरंसुद्धा इतका त्रास देत नाहीत." पण चौथं मांडलं. निरंजन दारात उभा राहून बघे. पंचवीस वर्षांच्या संसारात त्याला ही बाई नेटकी, थोडी अबोल, हिशेबी वाटत आली होती. तिच्या अंगात इतकी चिकाटी आहे आणि ती आपल्या बापाच्या गालांसाठी खर्च होते आहे, हे त्याला पहिल्यांदाच दिसत होतं. तो तसं बोलला मात्र नाही. त्यांच्या घरात बोलायची पद्धत नव्हती.

बोलायच्या पद्धतीचंच सांगायचं तर नाना सुनेशी कधी थेट बोलत नसत. तीही त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर ढळू देत नसे. काही हवं असलं तर "निरंजन, म्हण बरं तिला," असं भिंतीला ऐकू जाईल इतक्या जोरात म्हणायचं, की काम होई. मागच्या ओट्यावर चाललेला प्रकार ते खिडकीतून बघत असणार, पण तोंडात मूग धरून होते. एकदा मात्र त्यांना राहवलं नाही. झालं असं, की साबण जमेना म्हणून ज्योत्स्नाने आधी दाढीनंतर लावायचं पाणी करायला घेतलं. केळीच्या मुलखातल्या बाईला जे सुचेल तेच तिला सुचलं. शेतात कुणाचा हात कापला की केळीच्या खोडाचं पाणी लावतात, रक्त थांबतं. मग तिने खोड ठेचून पाणी गाळलं, त्यात तुरटी विरघळवली, वाळ्याची मुळी टाकली, आणि निरंजनच्या गालांवर चोळलं. थंडगार, चरचरीत, छान वाटलं. पांढरा शर्ट घालून तो कचेरीत गेला. अकरापर्यंत गाल तपकिरी, बारापर्यंत कॉलर तपकिरी, आणि दुपारी मोतीलाल कॅशियरने सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "निरंजन भाऊ, ये क्या, कत्था लगा के आये?" केळीचा चीक हवेवर काळा पडतो, हे बुऱ्हाणपुरात शेंबड्या पोराला माहीत आहे. ते पाणी निवळशंख दिसलं म्हणून दोघंही फसले.

घरी आल्यावर निरंजन शर्ट काढत असताना नाना आतल्या खोलीतून आले. त्यांनी कॉलर दोन बोटांत धरली, उजेडाकडे फिरवली, नखाने खरवडून बघितली. त्यांच्या डोळ्यांत काहीतरी हललं. "तुरटी घातली होती का यात?" निरंजन म्हणाला, हो. "मग आता नाही निघायचा. तुरटीनं रंग पक्का होतो. कापड फाटंल पण डाग नाही जायचा." आणि मग, अजून कॉलर हातात धरूनच, म्हणाले, "रंग मात्र चांगला आला आहे. एकसारखा." निरंजनला हसू फुटलं. नानांना नाही फुटलं, पण दाढी जरा हलल्यासारखी झाली. मठाचं सोडलं तर दहा महिन्यांत त्यांनी स्वतःहून काढलेला हा पहिला विषय होता. निरंजनने तो शर्ट धुवायला टाकला नाही, तसाच घडी करून ठेवला.

चौथं पातेलंही फाटलं तो दिवस मार्गशीर्षातला होता. ज्योत्स्ना ओट्यावर उकिडवी बसून वर आलेलं तेल पळीने बाजूला करत होती. खरं तर ती रडत होती, पण तिचं रडणं तिच्या पाठीवरून ओळखावं लागतं. निरंजन पुढे व्हावं की नाही या विचारात दारातच घुटमळला, तेवढ्यात मागून नाना आले, त्याला हाताने बाजूला सारलं आणि उंबऱ्यावर उभे राहिले. भिंतीशी बोलले नाहीत. निरंजनशी बोलले नाहीत. "बेटा," ते सुनेला म्हणाले, "चुना नाही टाकला का?" ज्योत्स्नाने गडबडीने पदर वर घेतला. पळीवरचं तेल त्याला लागलं. "नाही, नाना. चुना पडतो का यात?" "पडत असंल. मला माहीत नाही." नाना उंबऱ्यावरच खाली बसले. त्यांचा आवाज बारीक झाला. "दर थंडीत मला म्हणायची, किलोभर कळीचा चुना आणून द्या. मी आणून द्यायचो. पन्नास वर्षं आणून दिला. कशाला लागतो, कधी विचारलं नाही. घर सारवत असंल म्हटलं. ज्या घरात फरशी आहे, तिथं चुन्यानं काय सारवणार? पण एवढा विचार कोण करतं? रोज सकाळी तेच तोंडाला लावलं, अन् एकदा नाही विचारलं का बाई, तू हे करते कसं."

निरंजनला वाटलं, बापाच्या त्या दाढीमागे वैराग्य होतं असं आपण धरून चाललो होतो, आणि मठाचंही तसंच. तिथे तर नुसती लाज होती. आपल्याला वाटत होती तीच.

राखेच्या पाण्यात चुना विरवला, रात्रभर ठेवला, वरची निवळी हलक्या हाताने काढून घेतली. ज्योत्स्नाने तिचा एक थेंब आधी स्वतःच्या मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवला, "किती तेज आहे ते बघायला पाहिजे ना, नानांच्या गालाला लागणार," म्हणत, आणि तेवढ्यात हात झटकला. पाण्याखाली धरला तरी तिथे लालबुंद ठिपका उमटला. निरंजनने तिचा हात हातात घेतला आणि तो ठिपका निरखत राहिला. आईच्या डाव्या मनगटावर, आतल्या बाजूला, पांढरे ठिपके होते. तांदळाएवढे, एकाशेजारी एक, बांगडीखाली लपणारे. लहानपणी तिच्या कुशीत झोपताना तो त्यांवरून बोट फिरवायचा आणि ती म्हणायची, भजी तळताना तेल उडालं. इतक्या नेमक्या जागी, इतकी वर्षं, भज्यांचं तेल उडत नसतं. दर हिवाळ्यात एक ठिपका. आधी आपल्या कातडीवर, मग नवऱ्याच्या. त्याला ती बाई एकदम प्रचंड वाटली. जिच्या हातच्या भाकरीवर तो वाढला, जिला सही करायला त्रास पडायचा, ती मागच्या अंगणात बसून चुना, राख, तेल यांचं शास्त्र एकटीने उभं करत होती, चुकत होती, भाजत होती, पुन्हा मांडत होती, आणि सकाळी वाटीत बोटभर ठेवून चहाला आधण ठेवत होती. कौतुक करायला ती असायला हवी होती. ती नव्हती, म्हणून त्याने ज्योत्स्नाच्या मनगटावर फुंकर घातली, आणि जे तिला पंचवीस वर्षांत म्हणाला नव्हता ते म्हणाला, "तू फार मोठी आहेस गं." ती म्हणाली, "सोडा, पातेलं करपेल." पण हात लगेच सोडवून घेतला नाही.

पाचवं पातेलं जमलं. तेल आणि पाणी एकमेकांत शिरली, पळी जड होत गेली, दाट पिठल्यासारखे बुडबुडे फुटू लागले, आणि तिसऱ्या तासाला पळीवरून सरकेना. नाना शेजारी पाटावर बसून सांगत होते, "आता विस्तव कमी कर बेटा, रंगाचं पातेलंही असंच, शेवटी घाई केली का बिघडतं." वाळ्याची मुळी ठेचून आत घातली आणि बरणीत भरून तो साबण महिनाभर मुरू दिला. दाढीनंतरचं पाणी नवं केलं: गुलाबपाणी, कोरफडीचा गर, कडुनिंबाचा पाला, वाळा, आणि चिमूटभर तुरटी. केळीच्या खोडाला त्यातून रजा मिळाली. दर आठवड्याला ज्योत्स्ना बरणीतलं थोडं मनगटाला लावून बघे, आणि माघ लागल्यावर एका सकाळी म्हणाली, "आता नाही जळत."

श्राद्ध चार दिवसांवर आलं होतं. नानांची पिशवी भरून झाली होती. निरंजनने ती खुंटीवर बघितली होती आणि काही विचारलं नव्हतं. पण त्या सकाळी नाना आपणहून खुर्ची घेऊन मागच्या ओट्यावर उन्हात बसले, गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला, आणि म्हणाले, "माझा हात कापतो. तू कर." निरंजनने उभ्या जन्मात बापाच्या चेहऱ्याला हात लावला नव्हता. पाया पडला होता, खांद्याला धरून दवाखान्यात नेलं होतं, पण चेहऱ्याला नाही. आधी कात्रीने दाढी उतरवली. मग ब्रशने बरणीतला गोळा कोमट पाण्यात घोळला, आणि फेस आला. दाट, बारीक, न बसणारा. वास आला. ब्रश निरंजनच्या हातात तसाच राहिला. दारात ज्योत्स्ना उभी होती. नानांनी डोळे मिटले होते आणि नाकपुड्या हलत होत्या. "लाव," ते म्हणाले. त्याने लावलं. गालाची हाडं हाताला लागली, हनुवटीचा खळगा लागला, डाव्या जबड्याखाली भाजल्याची एक सपाट, गुळगुळीत जागा लागली. हिच्यासाठी सगळं होतं तर. तिथे त्याने रेझर इतका हळू नेला की नाना म्हणाले, "घाबरू नको, ती मेलेली कातडी आहे, तिला काही कळत नाही." मान वर केली. निरंजन कानाखालून गळ्यापर्यंत उतरत गेला, आणि फेसातून थोडं थोडं करून एक तोंड बाहेर येत गेलं, बरंच म्हातारं झालेलं, गाल आत गेलेलं, पण त्याच्या बापाचं.

वाळ्याचं पाणी लावून झालं. नाना तळहात गालावर फिरवत बराच वेळ बसले. फोड येतात की काय म्हणून ज्योत्स्नाचा जीव टांगणीला लागला होता. दुपारी जेवताना गाल तसेच होते, संध्याकाळीही तसेच. दिवेलागणीला नानांनी बरणी मागून घेतली, झाकण उघडून आत वाकून बघितलं, बोटाने खोली मोजली.

"हे आषाढापर्यंत पुरंल," ते म्हणाले. "मग पुढं काय?"

मठात साबण लागत नाही, असं निरंजनच्या तोंडावर आलं होतं आणि ते त्याने गिळलं.

"चुडामणला फोन लाव," नाना म्हणाले. "म्हणावं खोडं फेकू नको, उन्हाळाभर वाळू दे. पावसाआधी जाळायला पाहिजे, ओल लागली का राख वाया जाते. मी दोन दिवस निंबोल्याला जाऊन बसतो तवा. त्याच्या भरवशावर नाही राहायचं, तो अर्धं कच्चंच जाळंल." मग सुनेकडे वळून म्हणाले, "अन् बेटा, पुढच्या वेळी थेंब माझ्या हातावर टाकायचा. तुझ्या नाही."